काम सीनिअरचं, पद असिस्टंटचं: अकाउंट्समध्ये अडकलेल्या नव्या मंडळींसाठी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज… कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम कंपनीच्या अकाउंट्स विभागात डोकावलं, की अशी एखादी मुलगी किंवा मुलगा हमखास भेटतो. बी.कॉम. झाल्या झाल्या 'अकाउंट्स असिस्टंट' म्हणून लागलेला. टॅलीत खरेदीची बिलं टाकायची, व्हाउचर फाइल करायची, बँकेत चेक भरायचे, एवढंच काम ठरलेलं. सहा महिन्यांत जीएसटी बघणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि 'तोपर्यंत तू बघ' म्हणून ते काम गळ्यात पडलं. मग टीडीएस (पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) आला. मग पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगार विमा). आता बँकेतून स्टॉक स्टेटमेंटसाठी (मालसाठ्याच्या पत्रकासाठी) थेट तिलाच फोन येतो. सीएंच्या ऑफिसातून काही विचारलं, की मालक म्हणतात, 'तिलाच विचारा.' तीन वर्षं झाली, पण पगाराच्या स्लिपवर पद तेच, आणि पगारवाढ सरसकट सगळ्यांना मिळते तेवढीच.

मी याच क्षेत्रात आहे आणि हल्ली माणसं निवडायच्या बाजूला बसते. इतकी चांगली, मेहनती मुलं वर्षानुवर्षं पहिल्याच पायरीवर उभी असलेली बघून खरंच वाईट वाटतं. बहुतेकांना वाटतं, आपण आणखी काम उचललं, आणखी उशिरापर्यंत थांबलो, की कोणाच्या तरी लक्षात येईल. माझा अनुभव वेगळा आहे. अंगावर आलेलं काम कागदावर नसेल आणि तुमच्या जुन्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी तयार नसेल, तर तुम्हाला वर नेण्याची कंपनीला काही गरजच पडत नाही. पुढच्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात. उदाहरणं अकाउंट्समधली आहेत, कारण मला तेच नीट ठाऊक आहे. स्टोअर्स, परचेस, डिस्पॅचमधल्यांनी कामांची नावं बदलून वाचावं.

पायरी १: काम वाढलंय की जबाबदारी, हे आधी तपासा

महिन्याला दोनशे बिलं टाकत होता, आता सहाशे टाकता. हा नुसता बोजा वाढला. त्यासाठी मदतनीस मागा, ओव्हरटाइम मागा. बढतीचा दावा त्यावर टिकत नाही. त्या सहाशे बिलांपैकी कोणत्या बिलाचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) या महिन्यात घ्यायचं आणि कोणतं थांबवायचं हे तुम्ही ठरवत असाल, तर मात्र कामाची पातळी बदलली.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. तुम्ही केलेलं काम पुढे कोणी तपासतं का, की तुमच्या टेबलावरून थेट पोर्टलवर जातं? अडचण आली की पहिला फोन कोणाला येतो? आणि नियम स्पष्ट नसतो तेव्हा अमुक करायचं की तमुक, हे कोण ठरवतं? तिन्ही उत्तरांत तुमचंच नाव येत असेल, तर तुम्ही असिस्टंटचं काम कधीच मागे टाकलं आहे. एकाच उत्तरात येत असेल, तर अजून थोडं शिकायचं आहे. ते आत्ताच कळलेलं बरं, म्हणजे बोलणी करायला बसाल तेव्हा तोंडघशी पडणार नाही.

पायरी २: महिन्याची वही ठेवा

सगळ्या पायऱ्यांत ही मोठी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

अकाउंट्सचा महिना तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न. १४ ला २बी येतं, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांवरून तुम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटची पोर्टलवरची यादी. १५ ला पीएफ आणि ईएसआय. २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. (तिमाही रिटर्न भरणाऱ्या लहान व्यावसायिकांच्या तारखा थोड्या वेगळ्या असतात.) एक साधी वही किंवा एक्सेलची शीट घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे तीन रकाने करा: तयार कोणी केलं, तपासलं कोणी, भरलं कोणी. तीन महिने नेमानं भरत जा. कित्येक ठिकाणी तिन्ही रकान्यांत एकच नाव दिसेल. मालकांना हे तोंडी सांगितलं तर 'हो हो, तू करतेसच की' म्हणून विषय संपतो. तेच शीटवर एका नजरेत दिसलं, की बोलणं पुढे सरकतं.

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा: 'या महिन्यात मी काय ठरवलं'. एक उदाहरण सविस्तर सांगते.

सप्टेंबरच्या खरेदीत एका सप्लायरचं १,१८,००० रुपयांचं बिल आहे. माल एक लाखाचा, जीएसटी १८,०००. माल आला, बिल टॅलीत पडलं. १४ ऑक्टोबरला २बी डाउनलोड करून पुस्तकाशी ताळा केला, तर हे बिल त्यात नाही. फक्त बिलं टाकणारा माणूस इथे दोनपैकी एक करतो: बिल हातात आहे म्हणून क्रेडिट घेऊन टाकतो, नाहीतर साहेबांना विचारायला जातो. तुम्ही सप्लायरच्या अकाउंटंटला फोन लावलात. त्याचं ते बिल जीएसटीआर-१ मध्ये दाखवायचंच राहून गेलं होतं. ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये टाका असं त्याला सांगितलंत, तसा मेल पाठवलात, ३बीत १८,००० चं क्रेडिट थांबवलंत आणि त्याच्या पेमेंटमधून तेवढी रक्कम रोखून एक लाखच सोडलेत. १४ नोव्हेंबरच्या २बीत बिल आलं. क्रेडिट घेतलं, रोखलेली रक्कम सोडली.

या सगळ्यात तुमचा एखादा तास गेला असेल आणि ऑफिसात कोणाला पत्ताही लागला नसेल. वहीत मात्र तीन ओळी हव्यात: काय अडलं, मी काय केलं, निकाल काय लागला. दर महिन्याला अशा दोन-तीन नोंदी जमल्या, तरी वर्षाच्या शेवटी तीसेक प्रसंग हाताशी असतात. पगारवाढीच्या बोलण्यात आणि पुढे मुलाखतीतही याच नोंदी कामाला येतात.

अशाच नोंदी 'न झालेल्या' खर्चाच्याही ठेवा. ३बीला उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. कापलेला टीडीएस उशिरा भरला, तर महिन्याला दीड टक्का. टीडीएसचं तिमाही रिटर्न रखडलं, तर दिवसाला २०० रुपये. दंड भरावा लागला की मालकांना तो दिसतो. वर्षभर एक रुपयाही दंड बसला नाही, हे कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. तुम्ही काम घ्यायच्या आधीच्या वर्षी लेट फी आणि व्याजाच्या खात्यात किती रक्कम होती आणि आता किती आहे, हे लेजर काढून बघा. फरक असेल, तर तुमच्या बाजूनं याहून मोठा पुरावा नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. वहीत पार्ट्यांची नावं, दर, बँकेचे आकडे उतरवू नका आणि ऑफिसच्या फायली स्वतःच्या जीमेलवर तर अजिबात पाठवू नका. 'एका सप्लायरचं बिल' एवढं पुरेसं आहे. कंपनीची माहिती कंपनीतच राहायला हवी. उद्या कोणी बोट दाखवेल अशी जागा ठेवू नका.

पायरी ३: स्वतःचे कागद जागेवर आहेत का बघा

दुसऱ्यांचे पीएफ भरणाऱ्या मुलांनी स्वतःचं पासबुक महिनोन्‌महिने उघडलेलं नसतं. एका रविवारी बसून हे करा. नेमणूकपत्र शोधा, त्यात पद आणि कामाचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा. गेल्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि दर वर्षीचं फॉर्म १६ एका फोल्डरमध्ये ठेवा. यूएएननं (पीएफच्या तुमच्या कायमच्या नंबरानं) पीएफच्या पोर्टलवर जाऊन रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का बघा. कधीकधी लागल्यानंतर सहा-आठ महिन्यांनी पीएफ सुरू केलेला असतो आणि तेवढा अनुभव कागदोपत्री गायबच होतो. नेमणूकपत्रच मिळालं नसेल, तर आधी ते मागा.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या: पगाराची स्लिप कोणाच्या नावानं निघते? काम या कंपनीत आणि स्लिप एखाद्या एजन्सीची असेल, तर तुम्ही थर्ड पार्टी पेरोलवर आहात. मग पद बदलून मागण्याआधी कंपनीच्या पेरोलवर घेण्याचं बोलावं लागेल. नाहीतर साहेब एजन्सीकडे बोट दाखवतात, एजन्सी साहेबांकडे, आणि वर्ष निघून जातं.

पायरी ४: जी जबाबदारी तुमची नाहीच, ती घेऊ नका

नव्या मुलांना याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहिते. लहान कंपन्यांत डायरेक्टरचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन असिस्टंटच्या ड्रॉवरमध्ये असतं, पिन त्याच्या पाठ असतो. सही केलेलं कोरं चेकबुकही तिथेच. बँकेत पेमेंट टाकायचा आणि मंजूर करायचा, असे दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे. विश्वास म्हणून हे सोपवलं जातं आणि सोपवलेल्याला त्यात मान वाटतो. पण उद्या एखादं पेमेंट भलत्याच खात्यात गेलं, तर तुमच्याकडे ना पद, ना अधिकाराचं पत्र, आणि कॉम्प्युटर मात्र तुमचा.

टोकन साहेबांच्याच कपाटात असू द्या. निदान ते वापरण्याआधी दर वेळी एका ओळीचा मेल टाका: 'सर, ऑगस्टचं ३बी तयार आहे, देय कर इतका, आपल्या मंजुरीनंतर भरते.' उत्तरात 'ओके' आलं की मग भरा. बँकेत एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं ही सोय असतेच, तिचा आग्रह धरा. यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल, असा संकोच बाळगू नका. मोठ्या ठिकाणी असंच चालतं, आणि तुम्हाला मोठ्या कामाला जायचं आहे. शिवाय मंजुरीचे ते मेल म्हणजे काम कोण करतं याची तारीखवार नोंदच झाली.

पायरी ५: जुनी खुर्ची रिकामी करा

अनेक जण नेमके इथेच अडकतात. जीएसटी, टीडीएस, पगार सगळं हाती आलं, तरी खरेदीची बिलं टाकायचं कामही त्यांच्याकडेच आहे. ते सुटत नाही, कारण दुसऱ्या कोणाला जमत नाही. आणि जमत नाही, कारण कोणाला शिकवलेलंच नाही. कोणता खर्च कोणत्या लेजरला जातो, कोणत्या कॉन्ट्रॅक्टरचा एक टक्का कापायचा आणि कोणाचा दोन टक्के, कोणता ट्रान्सपोर्टवाला बिल उशिरा पाठवतो, सगळं एकाच डोक्यात. 'माझ्यावाचून इथलं पान हलत नाही' असं वाटून बरं वाटतं खरं. पण मालकाच्या बाजूनं विचार करा. तुम्हाला वर नेलं तर खालचं काम बंद पडणार. मग तो कशाला हलवेल?

म्हणून रोजच्या कामाची एक पुस्तिका बनवा. मोठं काही नको. बिल आल्यापासून फाइल होईपर्यंत काय काय करायचं, टॅलीत कोणती स्क्रीन उघडायची, कुठे चूक होते, आणि लेजरची यादी. दोन-तीन पानं प्रत्येक कामाला, सोबत स्क्रीनचे फोटो. ऑफिसात नवीन पोरगा किंवा अप्रेंटिस आला, की त्याला आठवडाभर शेजारी बसवा. पहिल्या आठवड्यात त्यानं बघायचं, दुसऱ्यात त्यानं टाकायचं आणि तुम्ही तपासायचं, तिसऱ्यापासून फक्त अडलेलं तुमच्याकडे. असं कोणी मिळत नसेल, तर 'एक हात हवा' ही मागणी बढतीच्या आधी करा आणि त्यालाही वहीचाच आधार द्या: किती बिलं, किती तास.

'शिकवलं आणि त्यालाच ठेवलं तर?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कमी पगारात माणूस मिळाला म्हणून तुम्हालाच काढतील, ही भीती अगदी खोटी नाही. असंही घडतं. पण बिलं टाकणारा माणूस कंपनीला केव्हाही मिळतो. ती भीती बाळगून त्याच खुर्चीला चिकटून राहिलात, तर तुमची किंमत त्या कामाएवढीच राहते. तुमच्या हातातलं वरचं काम पक्कं असेल, तर शिकवण्यानं तुमचं काही जात नाही. आणि 'माझ्या हाताखाली दोघांना तयार केलं' हे वाक्य सीनिअर पदाच्या मुलाखतीत फार मोलाचं आहे. मी स्वतः ते ऐकायला उत्सुक असते.

पायरी ६: बोलणी करा, तीही वेळ बघून

मार्चमध्ये बोलू नका, सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात. एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं हातात पडल्यावर बोलून उपयोग नाही, आकडे तेव्हा ठरून गेलेले असतात. माझ्या मते योग्य काळ जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात. महिन्यातला दिवस निवडताना २० तारीख उलटू द्या. चहाच्या टपरीवर किंवा जिन्यात विषय काढू नका. वेळ मागून घ्या: 'सर, माझ्या कामाबद्दल अर्धा तास बोलायचं होतं. गुरुवारी दुपारी चालेल का?'

जाताना एकच कागद न्या. वरच्या अर्ध्यात नेमणुकीच्या वेळी ठरलेलं काम, खालच्या अर्ध्यात आज करत असलेलं. मागणीचे तीन वेगळे भाग करा: पद, पगार, हाताखाली माणूस. तिन्ही एकत्र मागितलं की एका 'बघू'त तिन्ही जातात. वेगवेगळं मागितलं, तर निदान एक तरी पदरात पडतं. पद बदलून द्यायला मालकाला पैसे लागत नाहीत, पण तुमच्या पुढच्या नोकरीचा पगार त्यावरून ठरतो, म्हणून पदावर जोर द्या. मागताना पायरी सोडून उडी मारू नका. हाताखाली कोणी नसताना 'मॅनेजर' मागण्यात अर्थ नाही. 'सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' किंवा 'अकाउंटंट, टॅक्सेशन अँड पेरोल' असं कामाला शोभेल ते मागा.

पगाराचा आकडा टक्क्यांत सांगू नका. १६,००० वर दहा टक्के म्हणजे १,६०० रुपये, तेवढ्यावर बोळवण होते. तुम्ही आज करता त्या कामाच्या, तुमच्याच पट्ट्यातल्या पाच-सहा जाहिराती काढा आणि त्यांत काय देतात ते बघून रक्कम ठरवा.

उत्तरं काय येतील, तेही सांगून ठेवते. 'अगं, तू तर घरचीच आहेस, पदाबिदाचं काय घेऊन बसलीस?' हे सगळ्यात आधी येतं. चिडायचं नाही. म्हणायचं: 'सर, घरचं समजते म्हणूनच तुमच्याशी आधी बोलतेय. बँकेचे लोक, ऑडिटची मुलं येतात तेव्हा मी असिस्टंट म्हणून समोर बसते आणि मग बारीकसारीक गोष्टीला ते तुम्हाला फोन करतात. पद बदललं, तर तुमचाही तो त्रास वाचेल.' दुसरं उत्तर: 'यंदा धंदा मंदा आहे.' त्यावर: 'ठीक आहे सर, पगाराचं तुमच्या सोयीनं करा, पण आकडा आणि महिना आज ठरवू. पदाचं पत्र या महिन्यात मिळेल का?' तिसरं म्हणजे भरभरून कौतुक. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की खाली उतरताना हातात काही नसतं. कौतुकाबद्दल मनापासून आभार माना आणि पुन्हा कागदावर या.

मुलींना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: 'तुमच्या मिस्टरांना चांगली नोकरी आहे ना?' हे अजूनही बोललं जातं याचा मला मनापासून राग येतो. नवरा काय कमावतो याचा तुमच्या ३बीशी काडीचाही संबंध नाही. शांतपणे एवढंच म्हणा: 'सर, मी माझ्या कामाबद्दल बोलतेय,' आणि यादीतली पुढची ओळ वाचा.

त्याच दिवशी संध्याकाळी मेल टाका. छोटा, गोड, नेमका:

'सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. बोलल्याप्रमाणे: १) पदनाम सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह करण्याबाबत आपण या महिनाअखेरपर्यंत कळवणार आहात. २) पगाराचा विचार एप्रिलच्या वाढीत होईल. ३) बिलं टाकण्यासाठी एक मदतनीस मार्चपासून. काही राहिलं असल्यास कृपया सांगावं.'

उत्तर नाही आलं तरी चालेल. मेल जपून ठेवा आणि ठरलेल्या तारखेला आठवण करा. एक पगारवाढ होऊन गेली आणि तीनपैकी एकही गोष्ट झाली नाही, तर पुढचं वर्ष त्याच आशेवर काढू नका. कोपराला लावलेला गूळ चाटता येत नाही.

पायरी ७: पात्रतेची पोकळी भरा

काही ठिकाणी खरंच शिक्षण आड येतं. पदवी राहिली असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ती पुरी करता येते. पदवी असेल, तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा द्या. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळायची वाट त्यातून उघडते. सीए किंवा सीएमएचं इंटर अर्धवट सुटलं असेल, तर निदान एक ग्रुप तरी काढा, बायोडेटात त्याला वजन आहे. महागड्या 'जीएसटी एक्स्पर्ट' कोर्सवर पैसे घालू नका, रोज हातानं रिटर्न भरणाऱ्याला त्यात नवीन थोडंच मिळतं. त्यापेक्षा एक्सेलमधलं पिव्होट आणि पॉवर क्वेरी नीट शिका. २बीच्या ताळ्याला दोन दिवस लागतात तिथे दोन तास लागतील.

पायरी ८: बाहेर बघा, पण हातातलं न सोडता

बायोडेटात वर पद लिहावं लागतं आणि ते खरं तेच लिहा, पडताळणीत पकडलं जातं. पण त्याच्या खालची जागा तुमची आहे. 'जीएसटीचं काम पाहिलं' असं मोघम लिहू नका. 'दरमहा जीएसटीआर-१ व ३बी स्वतंत्रपणे तयार करून भरणं, सुमारे ६०० खरेदी बिलांचा २बीशी ताळा, ७० कामगारांचं पगारपत्रक, पीएफ-ईएसआय, गेल्या दोन आर्थिक वर्षांत लेट फी शून्य' असं लिहा, अर्थात तुमचे खरे आकडे टाकून. मुलाखत घेणाऱ्याचा डोळा तिथेच थांबतो.

मी विचारते ते प्रश्न साधारण असे असतात: २बीत बिल दिसलं नाही तर काय करता? सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं झालं नाही, तर आयकरात काय होतं? पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयचं काय करता? पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. 'आमच्याकडे असं झालं होतं, तेव्हा मी हे केलं' अशी सुरुवात झाली, की मी पेन खाली ठेवून ऐकते. वहीतले ते तीस प्रसंग इथे बोलतात.

ऑफर आली, की सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आकड्यावर हुरळून जाऊ नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी बोनसही धरलेला असतो. 'हातात किती' हे महिन्याच्या फोडीसकट मागा, आणि पदनाम ऑफर लेटरवर बघून घ्या. ऑफर लेखी आल्याशिवाय राजीनामा नाही. याला अपवाद करू नका.

कॅलेंडरही बघा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. शेवटचा मूळ पगार १४,००० धरला, तर १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे जवळजवळ ४०,३८५ रुपये. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर तेवढ्यासाठी एवढ्या रकमेवर पाणी सोडायचं का, याचा विचार करा आणि नव्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख पुढे मागा. पीएफ काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला, तर त्यावर कर लागतो आणि नोकरीची सलगताही तुटते.

सोडताना

नोटीस पिरिअड पूर्ण भरा, अकाउंट्सचं वर्तुळ लहान आहे. रिलीव्हिंग लेटरसोबत अनुभवाचं पत्र मागा आणि त्याचा मसुदा स्वतःच करून न्या. पद जुनंच राहिलं असलं तरी 'जीएसटी, टीडीएस व पगारपत्रकाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळली' ही ओळ त्यात असू द्या. निरोपाच्या दिवशी लेटरहेडवर एक ओळ जास्तीची लिहायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि शेवटच्या आठवड्यात एक काम न विसरता करा. जीएसटी, आयकर, पीएफ, ईएसआय, ई-वे बिल या सगळ्या पोर्टलवर आणि बँकेतही कंपनीच्या लॉगिनला तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल लावलेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण ओटीपी तुम्हालाच घ्यावा लागायचा. एकेक पोर्टल उघडून तिथे साहेबांचा किंवा नव्या माणसाचा नंबर टाका, बदल झाल्याचा स्क्रीनशॉट कंपनीच्या मेलवर पाठवा, आणि हँडओव्हरच्या यादीवर तारखेसकट साहेबांची सही घ्या.